सहा थरांखालचा रंग

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता आलं नसतं. मागच्या खेपेला तुमचं कानाचं यंत्र टेबलाच्या खणात होतं आणि मी इकडून ओरडत होते. आईला सगळं कळलं, शेजारच्यांनाही कळलं, तुम्हाला तेवढं कळलं नाही. म्हणून पत्र.

मी बरी आहे. प्रयोगशाळेतलं नवं यंत्र तीन महिने रुसून बसलं होतं, ते आता चालू झालंय. रंगाच्या एवढ्याशा कणावर लेसरचा किरण टाकला की तो कण कशाचा बनलाय ते कळतं. आता मुद्द्यावर येते. वाचनालयाच्या घुमटात पाणी झिरपलं आणि दुरुस्ती निघाली, हे तुम्हाला माहीत आहेच. तिथल्या वास्तुतज्ज्ञ बाईंनी रंगाचे कपचे तपासायला आमच्याकडे पाठवले. नमुना क्रमांक सात पाहिला आणि तो कुठला आहे ते लगेच ओळखलं. तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी चुन्याचे सहा थर खरवडून तळहाताएवढी खिडकी उघडली होती, तिच्या कडेचा तो कपचा. तिथे खाली निळा रंग सापडला, तुम्ही वर काच लावून तो जपलात आणि त्याच्या आधारावर अख्खा घुमट निळा केलात.

बाबा, तो निळा कारखान्यात बनलेला आहे. त्यात तांबं आहे, आणि असा रंग बाजारात येऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. इमारत आहे एकशे ऐंशी वर्षांची. मी तीनदा मोजलं.

मार्चअखेर माझ्या सहीनं अहवाल जायचाय. तो वाचून वाचनालयाची समिती घुमट पुन्हा निळा रंगवायचं नक्की करणार आणि उद्घाटनाला तुमचा सत्कार करणार. हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं असंही मनात आलं. पण आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. लोभ आहेच, हे पत्र वाचल्यावरही तेवढाच राहू द्या.

तुमची,
खारू


११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईनं मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यामुळे शेजारच्यांचं काही नुकसान झालं नाही.

यंत्र नवीन आहे, तूही त्यावर नवीन आहेस. कपचा खिडकीच्या कडेचा घेतलाय, असं तूच लिहिलंयस. अगं, त्या कडेला लागून आम्ही सगळा घुमट आमच्या काळातल्या रंगानं रंगवला. त्याचे शिंतोडे कडेवर उडाले नसतील का? माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी शिकवायचो, की कडेचा नमुना घेऊ नये. तुला शिकवायचं राहून गेलं असं दिसतं.

मी तिथे होतो. परांचीवर उभा राहून माझ्या हातानं चुना खरवडला. रंगमिस्त्री शेजारी दिवा धरून उभे होते. सहावा थर निघाला आणि खालून निळा दिसला. पहाटेचं आकाश असतं ना, तसा. मिस्त्रींना मी म्हणालो, की बघा, एवढी वर्षं दडून बसला होता. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले. हे मला आत्ता समोर दिसतंय. चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना हेच सांगत आलोय.

काम दुसऱ्याकडे देऊ नकोस. बापाला घाबरून पळालीस म्हणतील. नीट नमुना घे आणि पुन्हा मोज.

थंडी आहे, कान झाकून बाहेर पडत जा. आशीर्वाद आहेतच, त्यात काटछाट नाही.

तुझा,
बाबा


२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कडेच्या नमुन्याबद्दल तुमचं म्हणणं रास्त होतं. मी कान पकडले. वास्तुतज्ज्ञ बाईंच्या परवानगीनं काच काढली आणि बरोब्बर मधून, मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा घेतला. त्याचे दोन भाग केले. एक आमच्याकडे ठेवला. दुसरा दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला, कुठला आणि कोणाचा ते न सांगता.

दोन्हीकडे निकाल एकच आला. तोच कारखान्यातला निळा.

आणखी एक गोष्ट दिसली. तुकडा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की थर एकावर एक रचलेले दिसतात. सगळ्यात खाली गिलावा, त्यावर एक पातळ रंग, राखाडीसर, थोडा पिवळ्याकडे झुकलेला. त्या राखाडीच्या भेगांमध्ये चुन्याचे कण अडकलेत. निळा त्या चुन्याच्याही वर आहे. म्हणजे चुना खरवडून झाल्यानंतर कोणीतरी निळा लावला, बाबा. तो चुन्याखाली कधी नव्हताच.

कोणी लावला, का लावला, हे माझं यंत्र सांगत नाही. तुम्ही खोटं बोलताय असं मी एका क्षणासाठीही म्हणत नाही. आत्याला मी सगळं कळवलंय. रागावू नका. आठवणींचं काम तिचं आहे, माझं नाही.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
खारू


९ मार्च

ती. दादास,
सा. न.

खारूचं पत्र आलं. तू जेवताना कोणाशी बोलत नाहीस, असं वहिनींनी कळवलंय. लहानपणी कॅरमची सोंगटी हरवली की असाच बसायचास. तेव्हा मी घाबरायचे, आता त्रेसष्ट वर्षांची झालेय आणि मेंदूच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे, तेव्हा निमूट ऐक. बेबी म्हणून टाळू नकोस.

माणसाची आठवण फोटोसारखी कपाटात पडून राहत नाही. ती बाहेर काढली की थोडी मऊ पडते, आणि परत ठेवताना त्या दिवशीचं काहीबाही तिला चिकटतं. आमच्याकडे आम्ही लोकांना एक खोली दाखवतो आणि तिचं वर्णन दर महिन्याला करायला लावतो. वर्षअखेरीस निम्म्या जणांच्या खोलीत नसलेली खुर्ची आलेली असते. सगळे शपथेवर सांगतात. एकही खोटारडा नसतो. तू तुझा प्रसंग चाळीस वर्षांत किती वेळा सांगितलास, मोज.

आता एक गोष्ट सांगते. तू घुमटाचा चुना खरवडलास त्या आठवड्यात खारूच्या वेळी वहिनी इस्पितळात होत्या आणि तुझा स्वयंपाक करायला मी तुझ्याकडे राहायला आले होते. एका संध्याकाळी तू चुन्यानं माखून आलास आणि हातपाय न धुताच म्हणालास, की घुमट राखाडी निघाला, अगदीच मरतुकडा रंग. मला हे स्वच्छ आठवतं. पण स्वच्छ आठवतं म्हणून ते खरं, असं म्हणायला मीच माझ्या विद्यार्थ्यांना मनाई करते. तेव्हा माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. कामाच्या रोजच्या वह्या लिहायचास, त्या कुठे आहेत? तू त्या टाकल्या असशील, असं मला वाटत नाही.

वहिनींना नमस्कार. राग आला तर पत्रातून काढ, जेवणावर नको. मला विसरू नकोस.

तुझी,
बेबी


२३ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

बाबांकडून तीन आठवडे ओळ नाही. आईला फोन केला तर म्हणाली, माळ्यावरची पेटी खाली आली, बाबांनी एका दुपारी ती उघडली, एक वही वाचली, झाकण लावलं आणि तेव्हापासून ते बागेत फेऱ्या मारतायत. पेटीच्या अवतीभवती झाडूसुद्धा मारू देत नाहीत.

अहवाल लिहून झालाय. परवा सही करणार. तो मी बाबांच्या विरुद्ध लिहिलेला नाही, जे दिसलं तेच लिहिलंय. तरी सही करणं जड जातंय. शाळेत असताना त्यांनी मला घुमटाखाली नेऊन मान वर करायला लावली होती. त्या रंगामुळेच मी रसायनशास्त्र घेतलं, हे तुला ठाऊक आहे.

समितीच्या अध्यक्षांचा फोन आला होता. गृहस्थ चांगले आहेत. म्हणाले, बाबांचं नाव मोठं आहे, ते कशाला खराब करायचं. रंगमिस्त्री आता हयात नाहीत, तेव्हा कामगाराकडून निळ्याचा हात फिरला असावा, असं एक वाक्य घातलं की झालं. बाबांना विचारते म्हटलं. बाबांना मात्र अजून कळवलेलं नाही. धीर होत नाही. तू सांगशील तसं करते.

तुझी,
खारू


२८ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तू सही केलीस हे बेबीनं कळवलं. बरं केलंस. अध्यक्षांचंही तिनंच कळवलं. तू लपवलंस म्हणून रागावलो असतो, पण मी स्वतः अकरा दिवस एक वही लपवून बसलो होतो, तेव्हा मला तोंड नाही.

वहीतलं पान जसंच्या तसं उतरवून देतो. तारीख तुझ्या जन्माच्या आदल्या दिवसाची आहे.

घुमट, ईशान्य बाजू. सहा थरांखाली राखाडी, किंचित पिवळट. मळका. मिस्त्री म्हणतात, हाच मूळचा. मला पटत नाही, एवढ्या मोठ्या इमारतीला असला रंग कोण देईल. नव्या निळ्याचा एक हात त्यावरच मारून पाहिला. शोभतो.

एवढंच. दुसऱ्या दिवशीच्या पानावर फक्त, मुलगी झाली. त्यानंतर पंधरा दिवस वही कोरी. माझा अहवाल लिहायला बसलो तो आठ महिन्यांनी. तोपर्यंत घुमट अर्धा निळा झाला होता. मिस्त्री त्या दिवशी नुसते हसले, असं मला आठवत होतं ना? ते बोलले होते. बरोबर बोलले होते. मी त्यांचं बोलणं पुसून टाकलं आणि तिथे हसू बसवलं.

मी खोटं बोललो का, हे अकरा दिवस स्वतःला विचारत होतो. बेबी म्हणते, नाही. तिचं शास्त्र खरं असेल. पण अहवाल लिहिताना वही हाताशी होती आणि मी ती उघडली नाही, एवढं तर माझंच ना? तिथे मेंदूकडे बोट दाखवता येत नाही.

अध्यक्षांना मी कळवलंय, की मिस्त्रींचं नाव त्या वाक्यात आलं तर मी वही घेऊन समितीसमोर उभा राहीन. त्यापेक्षा सरळ मार्ग धरलाय. ज्या नियतकालिकात घुमटावरचा माझा लेख आला होता, त्यांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. सोबत या पानाची प्रत आणि तुझ्या अहवालाचा क्रमांक. मूळ रंग मिस्त्रींनी ओळखला होता, हेही लिहिलं. मिस्त्रींच्या मुलीचा पत्ता मिळवला आणि तिलाही एक पत्र टाकलं. ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दोन दिवस नीट जेवतोय. आईची तक्रार संपली. तुझ्या कामाचा मला अभिमान आहे, हे आधीच लिहायला हवं होतं. आशीर्वाद नेहमीचेच, पण आज थोडे जास्त.

तुझा,
बाबा


१९ सप्टेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तू परदेशी परिषदेत अडकलीस, म्हणून इथली हकिकत कळवतो. काल वाचनालय उघडलं.

घुमट राखाडी झालाय. लोक कुरकुरले, आधीचा बरा होता म्हणाले. एक आजोबा थेट माझ्याकडेच येऊन विचारत होते, की हा उद्योग कोणी केला. मी म्हटलं, आमच्या मुलीनं. पण दुपारी वरच्या खिडक्यांतून ऊन आलं तेव्हा तो पिवळट रंग पेटल्यासारखा झाला आणि खालच्या टेबलांवरची पुस्तकं दिव्यांशिवाय वाचता यायला लागली. हा रंग का दिला होता ते तेव्हा कळलं. निळ्याच्या काळात आम्ही भर दुपारी दिवे लावायचो आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

सत्कार मी नको म्हटला होता. त्याऐवजी वास्तुतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोलायला लावलं. मिस्त्रींची मुलगी आली होती, पहिल्या रांगेत बसली. तिच्यासमोर मी वहीतलं पान वाचलं आणि माझी चूक कशी घडली ते पहिल्यापासून सांगितलं. नंतर ती जवळ आली. एवढंच म्हणाली, की वडील घरी सांगायचे, साहेबांना राखाडी आवडला नाही. घरी कोणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

शेवटी एका विद्यार्थिनीनं विचारलं, की आता खरं काय ते कळलंय, तर डोळे मिटल्यावर तुम्हाला काय दिसतं. मी सगळ्यांसमोर डोळे मिटून पाहिलं. चुना निघाला, मिस्त्री हसले आणि खालून निळा दिसला. मी तिला तसंच सांगितलं.

परत आलीस की दोन दिवस काढून इकडे ये. लोभ तुझाही असू दे, माझा तर आहेच.

तुझा,
बाबा