दादासाठी ऐकलेली गिटार

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीची कंबर बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळे खुशाल. लग्नसराईच्या ब्लाउजांची घाई आहे, त्यामुळे शिलाई मशिनला उसंत नाही.

मुख्य बातमी म्हणजे आपल्या बहुरूप्याची नवी तबकडी आली. वर्षभरातली तिसरी! हा माणूस गिटार वाजवतो की गिरणी चालवतो, कळत नाही. तुझे कान गेल्यापासून त्याचं नवं काही आलं की मी ऐकायचं आणि तुला लिहायचं, हा आपला करार. तेव्हा घे.

पहिली चाल संथ आहे. जुनी शिवण उसवताना टोक सापडावं आणि दोरा न तुटता सरसर निघत यावा, तशी. दुसरीत त्याने चक्क बँडवाले आणलेत; त्या पितळी गलक्यात गिटार चोंबड्या पोरीसारखी मध्ये मध्ये तोंड घालते. तिसरी तान्ह्याला थोपटावं तशी, आणि तिच्या पाठोपाठ असा धांगडधिंगा, की मी कात्री हातात घेऊन नाचले. हे म्हणाले, या माणसाला एक काही धड ठरवता येत नाही का? मी म्हटलं, तुम्हाला भाजी कुठली हवी ते तरी ठरवता येतं का?

उलट बाजूही छान आहे.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी,
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतका हसलो, की तुझ्या वहिनीने पाटीवर लिहून विचारलं, एकटेच काय हसताय?

पण एका बाजूवर पानभर लिहिलंस आणि दुसरीची बोळवण चार शब्दांत. ‘छान’ हा शब्द तू बिघडलेल्या ब्लाउजसाठी राखून ठेवतेस, हे मला ठाऊक आहे. काय झालंय?

मी उभा जन्म बॉयलरच्या कारखान्यात पत्रे ठोकले. तिथल्या रेडिओवर जेवणाच्या सुट्टीत तो पहिल्यांदा ऐकला, आणि हातोड्यांच्या दणदणाटातून घरी परतताना डोक्यात तेवढाच उरला. कान गेले तरी तो आत वाजतोच आहे. त्याचं बरंवाईट मला कळायला हवं. ठिगळ न लावता लिही.

पाहुण्यांना माझा नमस्कार सांग, आणि भाजी ठरवायला मदत कर.

तुझा,
दादा


१९ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझ्यापासून काही लपायचं नाही. ऐक तर.

उलट बाजूला त्याचा हात अडखळतो. भरभर चढत जायच्या जागी एखादा सूर येतच नाही, जिन्याची पायरी निखळावी तसं होतं, आणि पुढचा उशिरा, धापा टाकत येतो. एका चालीत तर तो मध्येच थांबलाय आणि ते तसंच ठेवलंय. मी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा सुई उचलून ठेवली. माणसं थकतात हे कळतं रे, पण तो थकेल असं कधी मनातच आलं नव्हतं.

पेपरात आलंय, पुढच्या महिन्यात तो तुझ्या गावी वाजवणार आहे. जाशील? ऐकू येणार नाही, माहीत आहे. तरी विचारते.

रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी


२२ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

जाऊन आलो. वहिनीने जवळजवळ ओढतच नेलं. पुढच्याच रांगेत बसलो. खुर्चीत एक वाकलेला म्हातारा, पायात मोठाले बूट. मी नुसता त्याचा डावा हात पाहत होतो. करंगळी उठत नाही त्याची. गंजलेल्या बिजागरीसारखी झालीय; तिला तारेपर्यंत न्यायला सगळं मनगट वळवतो. तरी वाजवतो.

बोटांवरून चाल ओळखायची आणि मनातल्या मनात लावायची, असं माझं बरं चाललं होतं. मग त्याने ती जुनी नाचाची चाल घेतली. मी कारखान्यातून गुणगुणत यायचो आणि तू पलंगावर उड्या मारायचीस, ती. बोटं ओळखली. चाल लागेना. म्हटलं, चुकला असेल. पण आजूबाजूला सगळे माना डोलवत होते. तो चुकला नव्हता गं. माझ्याच आतली चाल पुसली गेली होती.

शेवटी तो काहीतरी बोलला. वहिनीने तिकिटामागे लिहून दाखवलं, की यापुढे वाजवणार नाही म्हणतोय. सगळे उभे राहिले, मीही राहिलो. त्याने तो हात खिशात घातला आणि आत गेला.

घरी येऊन एकेक चाल आठवून पाहिली. बऱ्याच गेल्यात. घाबरून माणसांचे आवाज आठवायला बसलो. वहिनीचा आहे. फोरमनचा तर जाता जात नाही. तुझा सापडला नाही, भिंगरे. तुझी पत्रं वाचतो, ती कुणाच्याच आवाजात नसतात.

तुझा आवाज कसा आहे? चाली लिहितेस तसा लिहून पाठव.

दादा


३० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि रडले. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं, खोळंबू दे.

मग प्रश्न पडला, स्वतःचा आवाज माणसाला कुठे माहीत असतो? ह्यांना विचारलं. आधी म्हणाले, तेल न घातलेल्या मशिनसारखा. मी हसले नाही, तेव्हा वरमले. तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मग जेवताना घास हातातच ठेवून म्हणाले, की एरवी जरा घोगरा आहे, घाईचा. वाक्याचं शेपूट गिळतेस. पण लांबून कुणाला हाक मारतेस तेव्हा स्वच्छ होतो, वर चढतो आणि तिथे जरा रेंगाळतो. आणि म्हणाले, अगदी सासूबाईंचा. तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा आतून आलेली हाक मायलेकींपैकी कुणाची, हे मला कळलं नव्हतं.

आई गेली तेव्हा तुझे कान शाबूत होते, दादा. तिचा आवाज खोल गेलेला असेल, सहजी पुसला जायचा नाही. तूच सांगायचास, संध्याकाळी दारात उभी राहून ती तुला घरातल्या नावाने हाक मारायची, शेवटचं अक्षर लांबवून, तू खेळ टाकून येईपर्यंत. ती हाक आठव. नाहीच सापडली तर कळव, मी दुसरं काही शोधीन.

सापडली, तर हे पत्र त्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून वाच.

तुझीच,
भिंगरी