घरातली राख

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
पोचले. पातूर सोडल्यावर जीप इतकी उडत होती की प्लास्टरच्या गोण्या मीच धरून बसले. पण जागा फार छान आहे. शेषरावांच्या तुरीच्या शेताला लागून नाला आहे, आणि त्याच्या दरडीत काळ्या मातीच्या मधोमध एक पांढरी रेघ. ती राख. आमचे उत्खननप्रमुख हेमचंद्र सर म्हणाले, वऱ्हाडातला काळा दगड लाव्ह्याचाच, पण तो माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचा. ही राख त्यामानाने अलीकडची, समुद्रापलीकडच्या ज्वालामुखीतून वाऱ्यावर आलेली. तिच्याखाली अख्खी वस्ती आहे.

माझं काम साधं. राखेत गाडलेलं शरीर कुजून जातं, तोवर भोवतीची राख घट्ट होते आणि आत माणसाच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की वरची राख खरवडायची. इटलीत हे कधीपासून करतात.

शेषरावांच्या पत्नी माणिकबाई आमचा स्वयंपाक करतात आणि खोदायलाही येतात. रात्री पिठलं-भाकरी, वर शेंदूरजनाघाटची संत्री. अमरावतीला नवऱ्याला फोन केला. गौरांग सोळा तारखेला जुईलीला घेऊन येणार. तिने बजावलंय, माणसं सापडली की आधी मला दाखव.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
पहिला साचा निघाला. मांडी घालून बसलेली बाई, मांडीवर पोर. वेणीचे पेड, अंगठ्याचं नख, सगळं उमटलंय. बाईचा तळवा पोराच्या तोंडावर घट्ट दाबलेला. सर म्हणाले, राख नाकातोंडात जाऊ नये म्हणून. पोर जुईलीएवढंच, सहा वर्षांचं असेल. मी हात धुवायच्या निमित्ताने नाल्यावर जाऊन रडले.

सोमवार, १० फेब्रुवारी
सात साचे झाले. सातही जणांचे हात तोंडावर आहेत, स्वतःच्या नाहीतर शेजारच्याच्या. पळणारा एकही नाही.

आज माणिकबाईंनी टोपलं खाली ठेवून विचारलं, “वाऱ्यानं आली तं आंगनात जास्त पायजे ना वो मॅडम. घरात काहून जास्त?” सर हसले, मग टेप घेऊन उतरले. बाहेर राख चार बोटं. झोपड्यांच्या आत कमरेएवढी. वर आल्यावर त्यांनी आकडे दोनदा तपासले. जेवले नाहीत.

माणिकबाईंना खोकला झालाय. माझाही घसा खरखरतोय. धुळीचं काम, व्हायचंच.

बुधवार, १२ फेब्रुवारी
नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी माणिकबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मला काही सांगायला वळल्या तर शब्दांबरोबर तोंडातून पांढरं उडालं. मला ज्वारीचं पीठ वाटलं. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पदराने ओठ पुसले. मग त्यांचा हात परातीतच राहिला. हाक मारली, हलवलं. अंग दगडासारखं कडक.

शेषराव त्यांना छातीशी धरून बसले. श्वास थांबला होता, तरी नाकातून राख येतच होती, बारीक, सावकाश. दुपारपर्यंत उंबऱ्याला लागली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
शेषरावही गेले. तसेच, बायकोला धरून. सकाळी मला म्हणाले होते, “मले आता खोकला आला. तुमी दूर राहा.”

सरांना उमगलंय. वारा राख इथवर आणतो. पुढे न्यायला तिला माणूस लागतो. त्या वस्तीतली घरं आतून भरली. ती बाई पोराला वाचवत नव्हती. त्याच्या तोंडातून येणारं अडवत होती.

सरांनी कुठल्याशा कचेरीत फोन लावला. तिथले सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले. मग सरांनी जीपची किल्ली विहिरीत टाकली. मी भांडले, ओरडले. ते एवढंच म्हणाले, की आकांक्षा, तुझ्या घरी मूल आहे ना, मग इथेच राहा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सर खड्ड्यात उतरून बसलेत. वरून हाक मारली. मान वळली नाही. गुडघ्यांपर्यंत पांढरं.

आरशावर श्वास सोडून पाहिला. पुसला तर बोटाला राख.

शनिवार, १५ फेब्रुवारी
बोलता येत नाही. बोललं की सांडते. गौरांगला मेसेज केला — येऊ नका. कुणीच येऊ नका. जुईलीला अजिबात आणू नकोस.

त्याचं उत्तर — घाबरू नकोस, पहाटेच निघतो. तिला ठेवायला कुणी नाही, दोघं येतो.

पुन्हा लिहिलं. तीनदा. जात नाहीये. रेंज बांधावर येते, आणि पाय —

डाव्या पायाची बोटं हलत नाहीत.

रविवार, १६ फेब्रुवारी
आतून कडी लावली. दारापाशी टेबल लावलंय. खोलीत राख घोट्यापर्यंत. सगळी माझी.

गाडी आली.

दाराखालून चिठ्ठी सरकवली — राखेला हात लावू नका, परत जा. त्याने वाचली. मला ताप चढलाय म्हणतो. दार ढकलतोय.

ओरडले असते. पण तोंड उघडलं तर फटीतून सरळ त्यांच्या —

जुईली खाली बसली वाटतं. आई म्हणतेय. सारखी आई म्हणतेय.

फटीकडे राख आपोआप सरकतेय. आडवी पडले, पाठ लावली दाराला. लिहायला जमिनीवर —

पाठीशी काहीतरी. मान वळवली. तिची बोटं. फटीतून आत घातलीत. पांढरी झालीत. आता ती हात काढून घेईल आणि तोंडा