दुसऱ्या बाजूला तुम्ही काय बोललात

अहो,

'प्रिय' लिहिणार होते, पण हात उठला नाही. तुमचं वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. घरात सगळे सांगतात, आता त्यांची आठवण शांतपणे काढा. मला शांत व्हायचंच नाही! मला तुमच्याशी भांडायचंय, आणि तुम्ही तर निघून गेलात. म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात कोमलनं तुमची लोखंडी ट्रंक उघडली. तळाशी कॅसेटी. तुम्ही फौजेतून पाठवलेल्या आणि आम्ही इकडून तुम्हाला पाठवलेल्या, सगळ्या जपून ठेवलेल्या. सून आपली शहाणी. म्हणाली, "आई, फीत खराब व्हायच्या आत मोबाईलवर घेऊ. बाबांचा आवाज तरी राहील." तिच्या माहेरी सांगलीला एक दुकान आहे. पूर्वी टेप दुरुस्त करायचे, आता मोबाईलची कव्हरं विकतात आणि जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर भरून देतात. पाटणहून एसटीनं गेलो आम्ही दोघी.

तुमची कॅसेट आली की सोप्यात सगळं घर जमायचं, आठवतं? तुम्हाला कसं आठवणार, तुम्ही नव्हताच! टेप सासूबाईंच्या ताब्यात. तुम्ही बोलायचात, "आई, पाया पडतो. म्हस व्याली का? उसाला पाणी मिळतंय का?" माझं नाव नाही. मी दाराआड उभी राहून वाट बघायची, आता घेतील, आता घेतील. शेवटी म्हणायचात, "दुसऱ्या बाजूला गाणी भरल्यात, घरात ऐकवा." की सासूबाई खटकन टेप बंद करायच्या. "गाणी कशाला? सेल जात्यात." कॅसेट कपाटात, किल्ली कनवटीला.

दुकानदारानं सगळ्या कॅसेटी दोन्ही बाजूंनी लावल्या. आम्ही बाकावर बसलेलो. एक कॅसेट चालू असताना त्यानं अचानक आवाज बंद केला आणि कानाला लावायचं ते यंत्र माझ्या हातात दिलं. "काकू, गाणी संपली. पुढचं तुमचं तुम्हीच ऐका," म्हणाला आणि गिऱ्हाईकाकडं वळला.

तुमचा आवाज! तरणाबांड. आणि हळू, कुणी ऐकेल म्हणून दबकून बोलल्यासारखा.

"शालन, मी बोलतोय. आईला सांगू नगंस, ती गाण्याला बसत न्हाई म्हणून शेवटी बोलतोय. हितं मला फॅमिली क्वार्टर मिळतंय. दोन खोल्या हायत, नळाला दोन टायम पाणी. येतीस का? आईम्होरं तुला बोलता यायचं न्हाई, ते म्हाईत हाय मला. उलट धाडायची कॅसेट भरताना नुसती खोक. खोकलीस की मी समजीन, यायचं म्हणतीया. न्हाई खोकलीस तर तुला गाव सुटत न्हाई. मग मी परत इचारणार न्हाई."

आणि पुढं नुसती खरखर.

मी त्या बाकावर बसूनच राहिले. कोमलनं विचारलं, "काय झालं?" रडू नाही हो आलं, संताप आला! एवढा मोठा प्रश्न, आणि तो गाण्यांच्या मागं लपवून ठेवलात? मी ती बाजू ऐकलीच नाही तर? हे तुमच्या मनात एकदाही आलं नाही?

घरी येऊन मी त्या कॅसेटच्या उत्तराला इकडून पाठवलेली कॅसेट ऐकली. सासूबाई बोलतायत, मामंजी बोलतायत. मग सासूबाई म्हणतात, "तू बी बोल की गं." चुलीचा धूर भरला होता त्या दिवशी, मला खोकला आला. पहिलाच ठसका, तो बाहेर पडायच्या आत त्यांचा आवाज, "खोकू नगं, टेपात येतंय!" मी गिळला. आणि मग माझा बारीक आवाज, "हिकडं समदं बरं हाय." सासूबाईंचं ते दटावणं तुम्हीही ऐकलं असणार, तरी तुम्ही 'नाही'च धरलंत!

बरं? मला काय बरं होतं! मी तुमच्याबरोबर यायला एका पायावर तयार होते. चालत आले असते!

त्यानंतर तुम्ही सुट्टीवर आलात. जेवताना विचारलंत, "गाणी ऐकली का?" सासूबाई म्हणाल्या, "ऐकली की समद्यांनी." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी भाकरी थापत होते, मान खाली. तेवढ्यावर तुम्ही निकाल लावून मोकळे झालात. शेताच्या वाटेवर, विहिरीवर, कुठंही एकटीला गाठून विचारायचं होतं! सीमेवर उभं राहायला भ्याला नाहीत, आणि बायकोला एक प्रश्न तोंडावर विचारायला भ्यालात?

आणि मग जन्मभर टोमणा. विकासचं बारसं असो, कुणाचं लग्न असो, चारचौघांत हसून म्हणायचात, "हिला काय, गाव सुटत न्हवतं." मला कधी कळलं नाही, हा माणूस असं का बोलतो. मी काय केलं होतं म्हणून माझ्यावर रुसलेला? सासूबाई गेल्यावर त्यांच्या कपाटातल्या कॅसेटी तुम्हीच गोळा केल्यात. पेन्शनीत आल्यावर आपण दोघंच असायचो घरात. टेप धड चालत होता. एक दिवस ती कॅसेट लावून म्हणायचं होतं, "शालन, का नाही आलीस?" मी तिथंच सांगितलं असतं, आणि मिळून रडलो असतो किंवा हसलो असतो. तेवढंही माझ्या वाट्याला येऊ दिलं नाहीत.

काल विकासचा फोन आला. तुमचाच मुलगा, तुमच्यासारखाच फौजी. त्याला क्वार्टर मिळतंय, पण तो म्हणाला, "नको म्हणून सांगणार हाय. तुला कोण बघणार, आई?"

मी म्हटलं, "कोमलला इचारलंस?"

"तिचं काय, ती गावातच ऱ्हाते म्हणती."

"म्हणती का तू म्हणतोस?"

मी फोन कोमलच्या हातात दिला. "तोंडानं सांग त्याला. मी हाय म्हणून लाजू नगंस." पोरीनं फोन कानाला लावला. मग म्हणाली, "मला यायचंय." एवढंच. पण स्पष्ट, मोठ्यानं.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. कधी जाईल, माहीत नाही. पण एक शब्द देते. श्राद्धाचं पान मी माझ्या हातानं वाढीन, तुम्हाला आवडायचं ते सगळं करीन. ते झालं की विकासचा संसार मीच गाडीत बसवून देणार. आणि पहिल्या खेपेला मीही जाणार आहे, त्यांच्याबरोबर. क्वार्टर कसं असतं, ते मी अजून पाहिलेलं नाही.

तुमची,
शालन