फिर्यादी मीच

११ डिसेंबर
टेंभुर्णवाडीला विहिरीत बिबट्या. वनपाल केंद्रेमामा आणि मी मोटारसायकलवर पोचलो तवर अख्खं गाव विहिरीवर. शेजारच्या गावांतून जीपा भरभरून लोक. विहिरीला कठडा नाही. आत मादी, वयानं लहानच, पोहून पोहून दमलेली, मोटारीच्या पाइपाला पंजे घालून लटकलेली. नांदेडहून पिंजरा यायला दुपार होणार होती. दोरी बांधली, माणसं मागं सारली. परत पुढं. परत सारली. घसा बसला. ‘मॅडम, एकच फोटो.’ एकजण तर लेकराला खांद्यावर घेऊन पार काठावर.

क्रेननं पिंजरा खाली सोडायला सुरुवात झाली आणि गर्दी एकदम सरकली. एक माणूस दोरीखालून वाकून आत घुसला. मी काठी मारली. उजव्या मनगटावर. आवाज झाला, काटकी मोडल्यासारखा.

मादी वर आली. जिवंत. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. आमचे रेंजर साहेब म्हणाले, ‘शाब्बास प्रज्ञा, तू होतीस म्हणून आज कुणी आत पडलं नाही.’

जेवण गेलं नाही.

१२ डिसेंबर
काल अर्धंच लिहिलं.

तो माणूस खाजाभाई. गावातल्या नाक्यावर मोटारी भरून देतो, जळालेल्या मोटारींत तांब्याची तार परत भरायचं काम. विहिरीतली मोटार काढायला त्याला शेतवाल्यानंच बोलावलं होतं. सोबत त्याचे वडील. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. ते मोटारीच्या खोलीला टेकून बसलेले, विहिरीपासून चार पावलांवर. आम्ही सगळ्यांना मागं सारलं, ते तिथंच राहिले. मी बघितलंच नाही त्यांच्याकडं. पिंजरा सोडताना ते उठून काठाकडं निघाले, वाकून बघायला.

खाजाभाई दोरीखालून शिरताना ओरडला होता. ‘मेरे अब्बा है उधर, उनकू सुनाई नै देता!’

मला ऐकू आलं होतं. गोंधळ होता खरा, पण तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. शब्द कळले, अर्थही कळला. तरी हात खाली आला. सकाळपासून कुणी माझं ऐकून नव्हतं राहिलं. कुणालातरी मारायचंच होतं मला. तो सापडला.

मार खाऊनही तो थांबला नाही. मोडका हात छातीशी धरून गेला, दुसऱ्या हातानं बापाला मागं ओढलं.

१४ डिसेंबर
व्हिडिओ फिरून राहिला. कुणी काढला कोण जाणे. मी काठी उगारते, तो कळवळून वाकतो, व्हिडिओ संपला. पुढं त्यानं बापाला ओढलं ते नाहीच त्यात. वर लिहिलंय, ‘जंगलची वाघीण’. खाली लोक त्याच्या दाढीवरून, टोपीवरून काय काय लिहून राहिले. आणि मला हात जोडलेले.

टोपी बघून मारली का मी? नाही. नाहीच. पण हे चारदा स्वतःला विचारावं लागलं, तेच वाईट.

औशाहून पप्पांचा फोन. ‘अगं, अख्ख्या स्टँडवर तुझाच व्हिडिओ!’ पप्पा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी रोज स्टँडवर जाऊन बसतात. लई खूश होते. मी म्हटलं, रेंज नाही, कट होऊन राहिलंय. रेंज फुल होती.

१७ डिसेंबर
खाजाभाईचा हात नांदेडला सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून जोडला. पट्टी बसवली आत. त्याचा मेव्हणा ऑफिसात येऊन गेला, आवाज चढवून बोलला, कलेक्टरकडं तक्रार करतो म्हणाला. साहेबांनी त्याला बसा म्हटलं, पाणी दिलं, शांतपणे वाटेला लावलं. मग मला आत बोलावलं.

‘त्यांनी काही करायच्या आत आपण करायचं. सरकारी कामात अडथळा. फिर्याद तुझी.’
मी म्हटलं, ‘सर, त्याचे वडील होते तिथं.’
‘ते तुला माहीत होतं?’

मी टेबलावरचा पेन सरळ करून ठेवला.

‘नव्हतं ना? मग तेच लिहायचं. तू अजून कायम झालेली नाहीस, प्रज्ञा. चौकशी लागली तर मी पण काही करू शकणार नाही.’ साहेब रागावून बोलत नव्हते. काळजीनं बोलत होते. म्हणूनच जास्त…

१८ डिसेंबर
सही केली. पोलीस ठाण्यात केंद्रेमामा सोबत. हवालदारानं वाचून दाखवलं : वारंवार सूचना देऊनही सदर इसम बळजबरीनं आत घुसला, धक्काबुक्की केली. धक्काबुक्की कुठून आली? ‘लिहावं लागतं मॅडम,’ म्हणाला. आणि खाली माझं नाव, फिर्यादी.

येताना मामांनी भजी घेतली. मी पण खाल्ली. गरम होती, चांगली लागली. तेही लिहून ठेवते.

२३ डिसेंबर
जंगलात सागाच्या कंपार्टमेंटला गस्त. ओढ्याजवळ दोघं सापडले, ताजं तोडलेलं लाकूड सायकलीला बांधत होते. एक पळाला. दुसरा माझ्यासमोर उभा, कुऱ्हाड खाली टाकून. मला बघितलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मी काठी उचललीही नव्हती. ‘मारू नका मॅडम, मारू नका.’ व्हिडिओ बघितलेला त्यानं.

मामा हसले. ‘बघ, वचक बसला तुझा.’

पंचनामा केला, लाकूड जप्त.

२८ डिसेंबर
आज ऐकलं मामांकडून. खाजाभाई बापाला उमराहला, मक्केच्या यात्रेला, घेऊन जाणार होता. पासपोर्टला दोघांचेही अर्ज होते. बापाचा आला. ह्याचा पोलीस व्हेरिफिकेशनला अडकला. गुन्हा दाखल आहे म्हणून. म्हातारा एकटा जाऊ शकत नाही, ऐकूच येत नाही त्याला.

मामा हे सांगून झाल्यावर विड्या पेटवत बसले. मग म्हणाले, ‘तू मनाला लावून घेऊ नको. असं होत असतं.’

३ जानेवारी, औसा
सावित्रीबाई जयंती. विहारात सत्कार. पप्पांनी ठरवलेलं, नाही म्हणता आलं नाही. शाल, फुलं, बायाबापड्या, शाळेच्या पोरी पहिल्या रांगेत. एकीनं विचारलं, ‘ताई, भीती नाही का वाटली?’ मी म्हटलं, ‘वाटली.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं बिबट्याची.

पप्पांचे जुने सोबती बोलायला उठले. पप्पांच्या डाव्या पायावर तरुणपणी मोर्चात लाठी बसली होती, थंडीत अजून लंगडतात. ते सोबती म्हणाले, ‘बापानं लाठी खाल्ली, पोरीच्या हातात लाठी आली. हाव, याला म्हणतात बदल!’ पप्पा हसत होते, डोळे पुसत होते. मला खाली बघवेना, वर बघवेना.

४ जानेवारी, औसा
पप्पांना सगळं सांगितलं. अंगणात, उन्हात बसले होते. आई आत भाकरी करून राहिली होती. सांगताना मी मधेच साहेब, नोकरी, गर्दी असं काय काय आणलं. त्यांनी ते सगळं जाऊ दिलं.

‘त्यानं सांगितलं होतं, माझा बाप हाय म्हणून?’
‘हाव.’
‘तू ऐकलं?’
‘हाव.’

डावा पाय चोळला. मग म्हणाले, ‘मला ज्यानं मारलं त्याचं तोंड अजून आठवतंय मला. नाव माहीत न्हाई. मिशी होती, वरच्या ओठाला घाम होता.’

जा, असं कर, तसं कर, काहीच बोलले नाहीत. जेवायला बसले नाहीत माझ्यासोबत. आई म्हणाली, ‘काय झालं गं तुम्हाला?’ दोघांनीही पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

६ जानेवारी
खाजाभाईच्या घरी गेले. साध्या कपड्यांत. दुकान पुढं, घर मागं. दुकानात मोटारी तशाच उघड्या पडलेल्या, ओळीनं. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, धंद्याचा हाच काळ. दारात म्हातारा होता. त्याला वाटलं मोटार घेऊन आलेय. ‘आओ बेटी, बैठो, खाजा करके देगा.’ माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी हात काढा म्हणू शकले नाही.

खाजाभाई बाहेर आला. हात गळ्यात. मला लगेच ओळखलं.

‘अब्बांना सांगू नका,’ पहिलं तेच बोलला. ‘मी सांगितलंय, गाडीवरून पडलो. माझ्यामुळं झालं असं वाटंल त्यान्ला.’

मी पाठ करून गेले होते. दोन वाक्यंही नीट आली नाहीत. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही सॉरी म्हणून राहिल्या. ठीक हाय. पण ते सॉरी मी पासपोर्ट ऑफिसात कसं दाखवू?’

आतून त्याची बायको म्हणाली, ‘जाने देव उनकू.’ कुणाला जाऊ द्या? मला घरी, की मला माफ? कळलं नाही. उठले.

म्हातारा फाटकापर्यंत आला. ‘मोटार लेके आना, हां?’

८ जानेवारी
साहेबांना सांगितलं, जबाब बदलायचाय. त्यांनी उठून दार लावलं.

‘खोटी फिर्याद दिली म्हणून तुझ्यावरच होईल. कळतंय का?’
‘हाव सर.’
‘आणि मी सांगितलं म्हणून दिली, असं म्हणणार तू?’
‘सही माझी आहे सर.’

म्हणाले, दोन दिवस रजा घे, डोकं शांत कर. रजेचा अर्ज त्यांनीच पुढं सरकवला. भरला नाही.

शूर वगैरे वाटलं नाही.

१० जानेवारी
ठाण्यात गेले. हवालदार तोच. ‘घरगुती दबाव आहे का मॅडम? त्या लोकांनी धमकी दिली का?’ नाही म्हटलं. ‘मग?’ मग काय. सांगितलं, जसं झालं तसं. ऐकू आल्याचंही सांगितलं. तो थांबला, चष्मा काढला, परत घातला. ‘हे असंच घ्यायचं?’ असंच घ्या.

घेतलं. वर म्हणाला, ‘आमचे साहेब सुट्टीवर. ते आल्यावर बघू, याचं काय करायचं ते. केस अशी परत जात नसते.’

१३ जानेवारी
ऑफिसातून तोंडी निरोप, बीटवर गस्तीला जायचं नाही, पुढचं सांगेपर्यंत. गणवेश इस्त्री करून ठेवला होता, तो पेटीत घातला. पप्पांना फोन केला. ‘बरं,’ म्हणाले. मग विचारलं, ‘जेवलीस का?’ औशाहून आल्यापासून पहिल्यांदा नीट बोलले.

१६ जानेवारी
ठाण्याचे साहेब आले म्हणून परत बोलावलं. खाजाभाईलाही. एकाच बाकावर, मधे त्याचा मेव्हणा. मेव्हण्यानं माझ्याकडं पाठ केली. आधी खाजाभाईला आत घेतलं, मग मला. माझं परत सगळं विचारलं, दोनदा. केस बंद होईल का विचारलं तर म्हणाले, वर पाठवतो, ठरवणारे ते. माझ्यावर काय होईल विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

बाहेर आले तर खाजाभाई मोटारसायकलवर मेव्हण्याच्या मागं बसलेला, डाव्या हातानं धरून. गाडी फाटकातून गेली. मी स्टँडवर येऊन बसले. थोड्या वेळानं तीच गाडी परत आली, माझ्यासमोर थांबली. मेव्हणा समोरच बघत होता.

खाजाभाई म्हणाला, ‘इथं बसू नका. बस इकडं येतच न्हाई आता. रस्त्याचं काम हाय. फाट्यावर जावं लागतंय.’

हाव म्हटलं. ते गेले.

फाटा लांब होता. चालत गेले.