खोलीचे तापमान : सत्तावीस

६ ऑक्टोबर
केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. बारावी लागल्यापासून तिसरं. पहिली दोन फळ्यावरच झाली. सरांनी लिहिलं, आम्ही साठ जणांनी उतरवलं. आज निदान लॅबचं कुलूप निघालं. ब्युरेटी चार, त्यातली एक गळकी. पुढच्या पोरांनी तोटी फिरवली, आम्ही मागून त्यांच्या मानांमधून बघितलं. वर काचेच्या नळीत जांभळं काहीतरी होतं, खाली पात्रात पाण्यासारखं. पुढे काय झालं ते दिसलं नाही. घंटा झाली.

मला लॅब टेक्निशियन व्हायचंय म्हणे. जळगावला कोर्स आहे. तिथे विचारतील, ब्युरेट कधी धरलीस का? हो, लांबून नमस्कार केलाय.

८ ऑक्टो.
शबानाने तिच्या भावाचं जर्नल आणलं. त्याने ते आधीच्या बॅचच्या पोराचं बघून लिहिलेलं, त्या पोराने आणखी कुणाचं. मूळ पुरुष कोण, देव जाणे. मधल्या सुट्टीत जिन्यावर बसून दोघी उतरवत होतो. प्रत्येक प्रयोगाच्या डोक्यावर एकच ओळ : रूम टेम्परेचर २७. जूनमध्ये २७, ऑक्टोबरमध्ये २७, जानेवारीतही तेच.

म्हटलं, "शबाना, आपल्या पारोळ्यात २७ असतं कधी?"

"असतं की. ओला टॉवेल डोक्यावर घेतला की."

तिचे अब्बू पत्र्याच्या कोठ्या करतात. म्हणाली, आमच्या दुकानात ये, तिथे भट्टीजवळ प्रॅक्टिकल कर, मग कळेल रूम टेम्परेचर. हसली आणि २७ लिहून पुढे गेली. मीही लिहिलं. एका तासात सहा प्रयोग झाले. इतका पटापट अभ्यास आयुष्यात केला नव्हता.

१३ ऑक्टो.
लॅबमध्ये भिंतीला थर्मामीटर आहे. भिकानानांच्या स्टुलामागे. (नाना म्हणजे लॅबचे शिपाई. सर बदलत राहतात, नाना तेच आहेत.) आज जवळ जाऊन बघितलं. ३८. वर पत्रे, पंखा बंद, मग काय होणार. आजच्या प्रयोगावर मी ३८ लिहिलं. बरं वाटलं. इतक्याशा गोष्टीचं एवढं बरं वाटावं म्हणजे कमालच.

१४ ऑक्टो.
आईची सकाळची शुगर २४४. मीच बघते, मीच वहीत लिहिते. धुळ्याच्या डॉक्टरांनी वही घालून दिली आहे : तारीख, उपाशी किती, जेवणानंतर किती. दर महिन्याला वही दाखवायची.

लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन की हे सगळं कशासाठी चाललंय. दोन वर्षांपूर्वी आईच्या पायाला जखम झाली, बरी होईना. एका लॅबमध्ये रक्त तपासलं. रिपोर्ट आला, शुगर ११२, एकदम नॉर्मल. आम्ही हळद लावत बसलो. दीड महिन्याने धुळ्याला नेलं तेव्हा ४०० च्या वर. उजव्या पायाची दोन बोटं गेली. मग कळलं, आमच्या शेजारच्या विमलकाकूंनी त्याच दिवशी, त्याच लॅबमध्ये रक्त दिलेलं. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. शुगर ११२, ११२. हिमोग्लोबिनही सारखं, दशांशासकट. आईचं कुणी तपासलंच नव्हतं. वरच्या ओळीवरून खाली उतरवलं होतं.

ज्याने कुणी ते केलं त्याचे हात झडोत, असं मी तेव्हा रोज म्हणायचे. अजूनही म्हणते.

२० ऑक्टो.
जर्नल तपासायला दिलं होतं. सरांनी ३८ वर लाल गोल केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय, मॅडम?"

"सर, थर्मामीटर बघून लिहिलं."

"थर्मामीटर बघायला कुणी सांगितलं?"

वर्ग हसला. सर वाईट नाहीत. तासाच्या पगारावर आहेत, सकाळी धुळ्याला शिकवतात, दुपारी इथे येतात, डबा बसमध्ये खातात. नंतर जवळ बोलावून शांतपणे म्हणाले, "बाळा, इथे ३८ असेल. पुस्तकात २७ आहे. परीक्षा पुस्तकाची असते, पारोळ्याची नसते. पान बदल, मग सही करतो." जर्नलवर सही नाही तर सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. प्रॅक्टिकल नाही तर बारावी नाही, आणि बारावी नाही तर जळगाव कुठलं.

२१ ऑक्टो.
पान बदललं. २७.

१८ नोव्हेंबर
दिवाळी संपली. कापूस वेचून बोटं फाटली आहेत, पेन धरवत नाही.

मधल्या सुट्टीत नाना लॅब झाडत होते. दारात उभी राहिले. म्हणाले, "काय बेटा, जेवाले नही गई?" सांगून टाकलं की मला ब्युरेट हातात धरायची आहे, एकदाच. त्यांनी झाडू भिंतीला लावला, माझ्याकडे बघितलं आणि कपाट उघडलं.

१९ नोव्हें.
आजही गेले. डावा हात तोटीवर, उजव्याने पात्र गोल हलवत राहायचं. पात्राखाली पांढरी फरशी, म्हणजे रंग कळतो. वरून जांभळं थेंब थेंब पडतं आणि पात्रात पडल्या पडल्या नाहीसं होतं. होतच राहतं. मग एक थेंब असा येतो की जात नाही. सगळं पाणी हलकं गुलाबी होतं. तिथे थांबायचं. मी थांबले नाही, पुढे गेले, गडद झालं. नाना म्हणाले, "घाई करू नको. रंग सोता सांगस."

चौथ्या वेळेला जमलं. घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि लोक म्हणाले असते, हिला काय झालं.

२७ नोव्हें.
आठ दिवस मधली सुट्टी लॅबमध्ये. शबाना माझा डबा आणून देते आणि दारात उभी राहून पहारा करते. आज ओळीने तीन वेळा केलं : १२.६, १२.५, १२.६. नाना चष्मा लावून वाकले, नळीवरचा आकडा बघितला. म्हणाले, "तुना हात शांत शे." माझ्या हाताला आजवर कुणी काही चांगलं म्हटलेलं नाही. भाकरीला नाही, अक्षराला नाही.

मग जर्नल काढून बघितलं. जर्नलात तिन्ही वेळा १०.२.

नानांना विचारलं, चूक कुणाची? म्हणाले, चूक कुणाचीच नाही. वरचं द्रावण जुनं झालंय. "त्यामा जीव नही राहिना. म्हनीसन जास्त लागस." दर वर्षी नवीन करायला हवं, कुणी करत नाही. करून फायदा काय, बठ्ठा पोरे उतारी लेतस, सगळी पोरं उतरवूनच घेतात. म्हणजे १०.२ एकेकाळी खरं असेल. कुणीतरी एकाने केलं असेल, माझ्यासारखं, वाकून. त्याच्यावरच इतकी वर्षं सगळे जगताहेत.

९ डिसेंबर
सरांना १२.६ दाखवलं. वाटलं, खूश होतील. मूर्ख मी. आधी नानांना झापलं, की मुलांना एकटं आत घेतलंच कसं, आम्ल सांडलं, डोळ्यात गेलं तर कोण जबाबदार? ते खरंही आहे. मला म्हणाले, "तुझं एकटीचं १२.६ आलं तर बाहेरून परीक्षेला येणारा एक्स्टर्नल काय म्हणेल? साठ पोरं चुकली आणि तू बरोबर? की साठ बरोबर आणि तू चुकलीस? तूच सांग तो काय धरेल."

कपाटाची किल्ली आता सरांकडे असते. नाना माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, त्याने जास्त लागतं.

११ डिसें.
ते पानही बदललं. १०.२, १०.२, १०.२. सही मिळाली. "नीट जर्नल" असा शेरा. शबाना म्हणाली, "जया, तोंड असं काय केलंस? कुणी मेलं का?" तिला पान बदलल्याचं सांगितलं. ती म्हणते, कोर्सला गेल्यावर कर ना खरं, तिथे मशीन असतात. पण तिथे माझ्याआधी कोण कोण गेलंय? आमच्यासारखेच ना, जिन्यावर बसून उतरवलेले.

१५ जानेवारी
काही नाही. रोज उतरवते. फिजिक्स झालं, बायो झालं. बायोत कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशींचं चित्र काढलं, छान आलं. मायक्रोस्कोपला भिंग नाही. घरात रोज भाजीला कांदा चिरते आणि मला तो आतून कसा असतो ते माहीत नाही.

२ फेब्रुवारी
परवा प्रॅक्टिकल परीक्षा. ठरवलंय. जे येईल ते लिहायचं. मार्क जाऊ देत, दोन जातील, चार जातील, नापास तर करणार नाहीत. आईला सांगितलं. तिला काय कळलं कोण जाणे, म्हणाली, "खरं लिख. खोटं कसाले लिखतीस?"

४ फेब्रु.
झाली.

तशीच लिहिते, नाहीतर उद्या मी यातही काहीतरी बदलेन.

टायट्रेशनच आलं, म्हणजे ब्युरेटचा प्रयोग; ब्युरेटी चारच, म्हणून पाळीपाळीने. तेच जुनं जांभळं. हात शांत होता. १२.७, १२.६, १२.६. कागदावर लिहिलं. एक्स्टर्नल मॅडम ऑफिसात पोहे खात होत्या. तेवढ्यात नाना एकेका टेबलाशी जाऊन वाकून काहीतरी सांगत येत होते. मला आधी कळलं नाही. माझ्याजवळ आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दहा दोन." मी म्हटलं, नाना, तुम्ही? म्हणाले, "माले सांगेल शे, बेटा." म्हणजे सरांनीच सांगायला लावलेलं. आणि पुढच्या टेबलाकडे गेले. या माणसाने मला तोटी धरायला शिकवलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांची मान खाली होती आणि ती मला बघवली नाही.

मॅडम आल्या. चार-पाच कागद बघितले, माझ्यापाशी थांबल्या. "तुझंच वेगळं कसं?" मी तोंड उघडलं. द्रावण जुनं आहे, एवढंच सांगायचं होतं. मराठीत तीन शब्द. सर मागून म्हणाले, "मुलगी हुशार आहे, मॅडम. घाबरली असेल. बदलेल." मॅडम म्हणाल्या, "बदल मग, मी थांबते." साठ जण बघत होते. मी १२.६ वर रेघ मारली आणि १०.२ लिहिलं. तीन वेळा. कुणी हात धरला नव्हता.

मग तोंडी. "रूम टेम्परेचर किती?"

थर्मामीटर समोर होता, मॅडमच्या खांद्यावरून दिसत होता. ३३. मला तो आकडा वाचता येत होता.

"सत्तावीस," मी म्हटलं. विचार न करता. आपोआप आलं.

"व्हेरी गुड."

५ फेब्रु.
कॉलेजला गेले नाही. शबाना घरी आली, मार्क चांगले पडलेत असं सर म्हणाले म्हणे. पेढे मागत होती. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मला वाटायचं की खोटं लिहिणारी माणसं वेगळी असतात. लबाड, आळशी, पैसे खाणारी. माझा तर प्रयोग खरा होता, हात खरा होता, आकडा समोर होता. तरी.

९ फेब्रु.
आज धुळ्याला जायचं, वही दाखवायला. गाडी आठची. सकाळी आईचं बोट टोचलं. ३१८.

"आज किती उनं?" तिने विचारलं. सांगितलं. ती चुलीजवळ बसून राहिली, दुखऱ्या पायावर हात ठेवून. मग म्हणाली, "दोनशे दहा लिखी दे, माय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. आठवड्यापूर्वी हीच म्हणाली होती, खरं लिख.

म्हणाली, तीनशे दिसलं की डॉक्टर बोलस. भरती व्हवाले सांगस. आणि दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढाले उनी शे, पीक शेतात उभं टाकून ती दवाखान्यात पडणार नाही. "एक डाव लिखी दे. पुढला महिनामा कमी करी लेसू." दोन बोटं गेलेला पाय तिने लुगड्याखाली ओढून घेतला.

म्हटलं, आई, असंच कुणीतरी लिहिलं होतं तुझं. ती म्हणाली, "ते वेगळं व्हतं."

वही समोर आहे. तारीख घातली. 'उपाशी' च्या रकान्याशी पेन टेकवलं आणि हात सरसर निघाला, दोनाच्या वळणावर. मीच तो उचलला. कागदावर एक निळा ठिपका राहिलाय.

त्या लॅबमधल्या माणसाला मी दोन वर्षं शिव्या दिल्या. हात झडोत म्हणाले. आज पहिल्यांदा तो माणूस मला दिसतोय. बहुतेक मुलगीच असेल, बारावी सायन्स, जर्नल नीट. कुणीतरी बाजूला उभं राहून म्हणालं असेल, लिही पटकन, लोक थांबलेत.

आई पिशवी भरून दारात उभी आहे. विचारते, लिखं का?

रकाना अजून रिकामा आहे. पावणेआठ झालेत.