शेवटच्या पंगतीचं घर

आदरणीय कल्याणदाजींना अमृतचा नमस्कार.

राधाकृष्ण आण्णांनी स्वतःचं घर जात असतानाही माझ्या भाषणाला टाळ्या वाजवल्या, त्या क्षणापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. (आधीही नव्हतं असं मोनिकाताई म्हणेल; तिला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवू नका.) तुमचा गुडघा कसा आहे? नगरच्या पाण्यानं केस गळतात ही ताईची तक्रार आता केसांसकट संपली असेल. इकडे आई-नाना खुशाल. मी खुशाल नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि शेजारच्या टेबलावरच्याशी बोलायला लागता, म्हणून पत्र. हे तरी तुम्हाला मध्येच कापता येणार नाही.

तुमच्या ऑफिसात तो जो ‘सवलतीचा वाटा’ या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, त्याच्यावर मला बोलायचंय. तुम्ही म्हणाल, आम्हालाच शिकवतो का? हो, शिकवतो. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं म्हणजे अक्कलही अर्ध्यात सोडली असं नाही. सरकार स्वतःच्या खिशातून दमडी काढत नाही. बँकेला फक्त एवढं सांगतं, की ह्याच्या कर्जावर आमचा शिक्का आहे, व्याज कमी लावा. बरं, शिक्काच मारायचा तर सगळ्यांना मारा की! पण नाही. शिक्क्याला मर्यादा. मुंबईत बसून अख्ख्या राज्यासाठी असल्या कर्जांचा एक गोळा करायचा, डोकी मोजून तो जिल्ह्याजिल्ह्याला तोडून द्यायचा, जिल्ह्यानं तालुक्याला चिमूट द्यायची. आणि आमची डोकी मोजायला माणसं आली कधी? अर्धा तालुका कोयते घेऊन ऊसतोडीला गेला तेव्हा. दाराला कुलूप, म्हणजे डोकं नाही! (कुलूप काय वाऱ्यानं लावलं होतं का?) असा वाळलेला वाटा आमच्या तिसगावपर्यंत आला की त्याचं एक टोक घरासाठी कर्ज मागणारे घरवाले ओढणार, दुसरं शेडसाठी मागणारे धंदेवाले. वर्ष संपेपर्यंत भांडण मिटलं नाही तर सगळा वाटा परत वर, आणि तो पुण्याकडचा असा कुणीतरी गिळणार ज्याच्या शेड आधीच रांगेत उभ्या आहेत. हा कुठला न्याय, दाजी? आईनं पोळी वाढायला घ्यावी, आणि भावाभावांत तंटा झाला म्हणून शेजारच्याच्या ताटात टाकावी?

मला त्या वाट्यातून शेड हवी होती. कडबाकुट्टीच्या मशीनची पाती करायची, धार लावायची, दुरुस्ती करायची, एवढा साधा धंदा. आणि तो कशासाठी, हे तुम्हाला ताईनं सांगितलेलं असणारच, कारण ताईच्या पोटात भाकरीसुद्धा राहत नाही. दिपालीसाठी. तिचे वडील म्हणजेच राधाकृष्ण आण्णा. आमच्या नानांना ते देवळापुढं सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, ‘‘पोरगा शिकलेला असावा, न्हाईतर धंद्याचा असावा. तुमचा दोन्ही न्हाई, आन वर तोंडाळ हाय.’’ (तोंडाळ मी नाही. मी स्पष्ट बोलतो.)

तर वाटा ठरवायची सभा औद्योगिक वसाहतीच्या हॉलमध्ये झाली. नियम काय म्हणे, तर आधी घरं, आणि उरलं तर धंदे. मी उठलो. दाजी, तुम्ही तिथं असायला पाहिजे होतात. मी म्हणालो, घरं बांधून त्या घरांत बसून खायचं काय, भिंतीचा रंग? धंदा नसला की पुन्हा कोयता, आणि कोयता आला की घराला कुलूप, आणि कुलूप लागलं की पुढच्या वाट्यात डोकं गायब! हॉल पेटला. टाळ्या, शिट्ट्या. हात वर झाले आणि ठरलं, अर्धा वाटा घरांना, अर्धा धंद्यांना. शेडवाल्यांत सगळ्यात शेवटी, अगदी काठावर, माझं नाव बसलं. मी आण्णांकडे बघितलं. ते घरवाल्यांच्या सोसायटीचे चेअरमन. चेअरमनचं नाव यादीत पहिलं असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून तर मी बिनघोर ओरडलो! कापली जातील ती खालची नावं, आण्णांना काय धक्का?

पण आण्णा पडले जुन्या वळणाचे. आपल्याकडे लग्नात यजमान शेवटच्या पंगतीला बसतो ना, सगळा गाव जेवला की? तसं त्यांनी स्वतःचं नाव सगळ्यात खाली घातलेलं, आणि घरवाल्यांतलं कापलं गेलं ते तेवढं एकच. अहो, लग्नात पिठलं-भाकरी तरी उरते, सरकारी वाट्यात काय उरतं? ह्या भल्या माणसाला चेअरमन कुणी केलं? नाव वर घालायला काय हात दुखत होता? चांगुलपणाचासुद्धा काही नियम करा म्हणावं तुमच्या साहेबांना, नाहीतर आमच्यासारख्यांनी भाषण करायचं कसं! आण्णा आजही पत्र्याच्या दोन खोल्यांत भाजतात, आणि त्यांचं घर म्हणजेच माझी शेड.

बाहेर चपलांपाशी दिपाली उभी होती. म्हणाली, ‘‘काय अमृतराव, भाषन लई भारी झालं. आमच्या आण्णांनीबी टाळ्या वाजवल्या.’’

मी म्हणालो, ‘‘मला म्हाईत नव्हतं गं.’’

‘‘इचारलं असतं तर कळलं असतं. पर इचारायला तोंड बंद ठिवावं लागतं.’’ आणि गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही.

तेव्हा दाजी, माझी तुम्हाला एकच विनंती: ह्या वाटपाविरुद्ध माझी कडक तक्रार साहेबांच्या टेबलावर पोचवा. आणि दिपालीचं प्रकरण माझ्याकडून संपलं, हे ताईला सांगा. मला आता कुणाची गरज नाही.

आपला,
अमृत

ता. क. : तक्रार राहू द्या. तुम्हीच मागे म्हणाला होतात, की कुणी आपला वाटा वर्षाच्या आत सोडला तर तो वर न जाता कापलेल्या नावाला मिळतो. सोबत अर्ज सही करून ठेवलाय. माझी शेड सोडून द्या. आण्णांना माझं नाव कळू देऊ नका. दिपालीला तर अजिबातच नको. (ताईला कळलं म्हणजे दिपालीला कळलंच.)

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवणार तोच आण्णा घरी आले. अर्जाचं आईनंच फोडलं असणार. मी आतल्या खोलीत आहे, ते ओट्यावर नानांपुढं कडाडतायत: ‘‘त्याला सांगा, शेड सोडली तर पोरगी इसरायची! माझ्या डोक्यावर पत्रा तरी हाय. बिनधंद्याच्या घरी म्या पोरगी देनार न्हाई!’’ म्हणजे दाजी, शेड ठेवली तर देणार! असं पहिल्यांदाच बोलले.

तिसरा ता. क. : तरी अर्ज पाकिटातच आहे. काढत नाही. त्यांचं घर खाऊन त्यांचीच मुलगी मागायची, एवढा मी निर्लज्ज नाही. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात एक निंबाचं झाड आहे, त्याखाली धार लावायचं चाक मांडतो. झाडाला कुणाचा शिक्का लागत नाही. हे मी आत्ता त्यांना तोंडावर सांगणार आहे, मग मुलगी देवोत न देवोत. आई इथंच आत आहे, मागून ‘गप बस’ म्हणत येईल, म्हणून बाहेर पडलो की हे दार ओढून घेतो आणि बाहेरून कडी घालतो.