डावा पाय उत्तम आहे

२ एप्रिल, बिश्केक
आजपासून मारामारी बंद. कारण ताश्कंद. तिथल्या स्पर्धेसाठी राष्ट्रीय फुटबॉल संघाची चौदा नावं लागली, त्यात मी: एमिलबेक, दहा नंबर. संघात सगळ्यांनाच सेरेब्रल पाल्सी. मला अगदी किंचित. डावा हात आणि डावा पाय, तेही थंडीत.
कोच सागिन बाइके म्हणाले, वीस तारखेला स्पर्धेचे डॉक्टर प्रत्येकाला तपासतील, ते पात्र म्हणाले तरच खेळायचं. मी म्हटलं, तपासू देत. घाबरतो कोण?

४ एप्रिल
मारामारी बंद आहेच. कुबातला मारलं ते उत्तर होतं. कुबात आमचा गोलकीपर. दोन्ही पाय वाकडे, हात थरथरतात, तरी बॉल सोडत नाही. म्हणाला, ए लंगड्या, पास दे की! लंगडा? मला? नाकावर डोकं घातलं. रक्त बरंच आलं. गाढव रक्त गिळत हसत होता. म्हणाला, लंगड्यांच्या टीममध्ये तुला काय राजपुत्र म्हणू?
बाइकेंनी दोघांना दहा फेऱ्या मारायला लावल्या. कुबात पुढे गेला. मी मुद्दाम जाऊ दिलं.

५ एप्रिल
नवा निश्चय. लाथ फक्त बॉलला.

९ एप्रिल
सिमेंट कारखान्याच्या टीमशी सराव सामना. ती पोरं धडधाकट. त्यांतला एक माझ्या चालण्याची नक्कल करायला लागला. नडगीवर बूट मारला, पडल्यावर बरगडीत आणखी एक. (बॉल तिथेच जवळ होता.) त्याचे मित्र धावून आले. कुबात गोल सोडून आला आणि एकाच्या दंडाला चावला. मी मदत मागितली नव्हती. दोघांनाही रेड कार्ड.
बाकावर त्याने खिम्याचा अर्धा साम्सा पुढे केला. घेतला. भूक होती म्हणून.

१३ एप्रिल
आई रोज माझ्या बुटांच्या नाड्या बांधते. मला येतात. डाव्या हाताला वेळ लागतो, आणि खेळाडूचा वेळ मौल्यवान असतो. आज म्हणाली, बाळा, ताश्कंदला कोण बांधेल रे? मी चहाची वाटी भिंतीवर फोडली. ती तुकडे वेचत बसली. हे मारामारीत धरलेलं नाही.

१८ एप्रिल
बाइकेंनी बजावलं, डॉक्टरांपुढे शहाणपणा नको. पाय ताठतोय तर ताठू दे, ते तेच बघायला बसलेत. माझ्याकडेच बघून का सांगत होते कोण जाणे.
लहानपणापासून प्रत्येक डॉक्टर माझ्या पायाकडे बघून च्च च्च करत आलाय. या वेळी करणार नाही. प्लॅन तयार. ताठरपणा घालवायच्या गोळ्या नेहमीपेक्षा जास्त, वर दोन तास हमामातली गरम वाफ.

२० एप्रिल, ताश्कंद, सकाळ
हमाम झाला. गोळ्या झाल्या. पाय लोण्यासारखा.

दुपार
काय परीक्षा दिली! डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवला, झटकन सरळ केला. कुठे अडकला नाही. एका पायावर उभं राहा म्हणाल्या. दात आवळून राहिलो. च्च केलं नाही! उद्या सामन्यातही बघू, मग ठरवू म्हणाल्या.
कुबात एका पायावर उभा राहायला गेला आणि धाडकन पडला म्हणे. बिचारा. घरी पाठवतील.

२१ एप्रिल
गोळ्या आजही घेतल्या. सामन्यात समोरच्या टीमच्या बॅकने माझा शर्ट ओढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवला त्याला, पकडला, पोटात गुडघा घातला. डावा गुडघा! कोलमडला, ओकला. रेड कार्ड मिळालं, पण डॉक्टरीणबाई उभ्या राहून भराभर लिहीत होत्या. छाप पडली.

२२ एप्रिल
तेरा जण पात्र. कुबातसुद्धा. मी अपात्र. कारण लिहिलंय: खेळावर परिणाम होईल इतका दोष आढळला नाही.
बाइके तासभर डॉक्टरांशी भांडले. फेरतपासणीचा अर्ज फेटाळला. मग मला विचारलं, काय केलंस? सांगितलं. वाटलं, आता मुस्कटात देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
कुबात आला. मी मूठ उगारली. म्हणाला, मार लंगड्या, मार. हात खाली आला. आपोआप.

२३ एप्रिल, सकाळी पावणेआठ
गोळ्या उतरल्या. पाय लाकूड झालाय. बिश्केकची बस आठला. कागद खिशात आहे, शिक्क्यासकट. मला काहीही झालेलं नाही, असं त्यावर लिहिलंय. एकवीस वर्षं याच्यासाठीच तर लोकांची नाकं फोडली.
साडेसहाला नाड्या बांधायला बसलो होतो. शेवटी कुबातला हाक मारली. एका शब्दानेही टोमणा मारला नाही. खाली बसला. त्याचे हात थरथरतात, माझा डावा वळत नाही. दोघांनी मिळून एक बूट बांधला.
दुसऱ्याला वेळ उरला नाही.